अर्धा तांब्या

जेऊरच्या स्टेशनावर गाडी थांबते न थांबते तोच निघते. त्या दिवशी मात्र तिला कसली घाई नव्हती, आणि आबांना तर मुळीच नव्हती. आमचे मालक ट्रंक आणि वळकटी चढवून आत जाऊन बसले होते. मी डब्याच्या दारात उभी, आबा खाली फलाटावर, हातात पितळी तांब्या. आपल्या विहिरीचं पाणी स्टेशनापर्यंत घेऊन आले होते. “पी,” म्हणाले. तांब्या अर्धा होता. मी थेंब न ठेवता प्याले आणि रिकामा तांब्या त्यांच्या हातात दिला. रडूबिडू काही आलं नाही. पाणीच इतकं गार होतं की घशात दुसऱ्या कशाला जागा उरली नाही. रडले ते केम स्टेशन मागे पडल्यावर.

अर्धाच का, हे तुम्हा जेऊरकरांना सांगायला नको. पण माझ्यासारख्या ज्या लग्न करून कुठंकुठं जाऊन पडल्या, त्यांच्या पोरांना ते ठाऊक नसणार, म्हणून लिहिते. आपल्याकडे घरच्या माणसाला पाणी द्यायचं ते अर्धा तांब्या. तहान राहिली तर पुन्हा माग, पुन्हा अर्धा मिळेल. पण उरलेलं अंगणात फेकायची वेळ येता कामा नये. बाहेरच्या पाहुण्याला मात्र काठोकाठ भरून. तो मेला दोन घोट घेई आणि बाकीचं दारात फेकी. तो आवाज आला की चुलीपुढं बसलेल्या आईचा हात थांबायचा. बोलायची काही नाही, पाहुणा होता ना! पण तो गेल्यावर ते ओलं अंगण बघत बसायची.

गाडी हलली तसे आबा तिच्याबरोबर चालायला लागले आणि चालता चालता मला माणसं समजावून सांगायला लागले. “हौसे, ध्येनात ठेव. पुण्याच्या माणसाला वाट इचारू नगं, तो आदी तुलाच धा प्रश्न इचारंल. अक्कलकोटाकडचा माणूस बोलायला गोड, पर मनातलं सांगायचा न्हाय. आन तेलंग्याच्या दारात तर हुबीच ऱ्हाऊ नगं. दिसभर खडखडाट आन सांजच्याला शिंदी!” अजून काही सांगत होते, पण फलाट संपला.

आता हे सगळं त्यांना कुणी सांगितलं होतं, देव जाणे. कुर्डुवाडीच्या पलीकडे आबा जन्मात गेले नव्हते. पण सांगायचे अशा थाटात की जणू एकेकाच्या घरी जेवून हात धुऊन आलेत. आणि मला ते सगळं खरं वाटायचं. बाप सांगतोय म्हटल्यावर कोण शंका घेतं?

मालकांना सोलापूरच्या एका गिरणीत टाइमकीपरच्या हाताखाली नोकरी लागली होती. खोली घेतली ती गिरणीला जवळ पडेल अशी, साखर पेठेच्या मागं. पहिल्या दिवशी टांग्यातून उतरले आणि ऐकते तर काय, प्रत्येक दारातून खटाखट, खटाखट. गल्लीभर सूत ताणलेलं, खळीचा आंबूस वास, बायका दारात रहाट फिरवत बसलेल्या आणि आपसांत तेलुगूत बोलतायत. मालकांनी खोली घेतली होती ती नेमकी तेलंग्यांच्या गल्लीत! “आबांना कळवू नका,” एवढंच मी म्हणाले.

पहिलं वर्ष कसं काढलं ते माझं मला माहीत. सकाळी भोंगा झाला की मालक जायचे आणि मी त्या आवाजात एकटी. जेऊरला दुपारी आवाज असतो तो मोटेच्या चाकाचा, तोही लांबून. मी कानात बोटं घालून तो आठवायचा प्रयत्न करायची, पण खटाखटीपुढं तो येतच नसे. हुरड्याच्या दिवसांत तर रोज वाटायचं की आत्ता उठावं आणि स्टेशनाची वाट धरावी. मग भाकरी करपायची आणि भानावर यायची मी.

शेजारच्या दाराला नरसम्मा राहायची. माझ्याच वयाची, गोल तोंडाची, हसरी. आल्या आल्या दुसऱ्याच दिवशी हळदीकुंकवाची वाटी घेऊन माझ्या दारात आली. त्या परक्या गावात पहिलं माणूस दारात आलं, मला इतका आनंद झाला की काय सांगू! तिला पाटावर बसवली आणि पाणी दिलं. अर्धा तांब्या. घरचं माणूस मानून दिला हो! तिनं एकदा तांब्यात बघितलं, एकदा माझ्याकडे. प्याली आणि गेली. चार दिवसांत नळावर सगळ्या बायकांत झालं, करमाळ्याकडची माणसं चिक्कू, पाणीसुद्धा मोजून देतात.

मी काय कमी होते? नरसम्मा सकाळ-संध्याकाळ दारात घागरी ओतायची. नळाखालची बादली भरून वाहायला लागली तरी हिच्या गप्पा संपायच्या नाहीत. मी मनात म्हणायची, आबा म्हणत होते ते खोटं नव्हे, हे लोकच माजलेले. झालं, तिनं मला एका तांब्यावरून ओळखलं आणि मी तिला एका बादलीवरून. पुढं कितीतरी महिने नळावर आम्ही एकमेकींकडे बघून न बोलता नुसत्या घागरी बदलायचो.

आणि मग आबांचा डोळा आला मधे. डावा तर त्यांचा लहानपणीच देवीत गेलेला. उरलेल्या उजव्यात मोतीबिंदू पिकला, माणूस दिसेना, बैल दिसेना. दादा त्यांना सोलापूरला घेऊन आला, इस्पितळात डॉक्टरांनी डोळा कापला आणि काही दिवसांनी आबांना माझ्याकडे धाडलं, दोन्ही डोळ्यांवर घट्ट पट्टी बांधून. हलायचं नाही, वाकायचं नाही, खोकायचं तेही जपून. पट्टी सुटेपर्यंत गाडीचं नाव काढायचं नाही, धक्का बसला तर हाही डोळा गेला, असं डॉक्टरांनी बजावलं. दादाला शेतावर परत जायचं होतं, तो इस्पितळाच्या दारातूनच स्टेशनावर गेला.

टांग्यातून आबांना उतरवून आत न्यायचं, तर मालक एकटे आणि आबा चांगले धिप्पाड. मालक घामाघूम झाले. तेवढ्यात शेजारचा माग थांबला आणि नरसम्माचा नवरा राजय्या बाहेर आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. घरातल्याच खड्ड्यात बसून माग चालवायचा तो, केसांत कापसाचे तंतू अडकलेले. त्यानं आबांना पाठीमागून असे काही धरले की आबांची मान तसूभर हलली नाही. “मान सोडा जी, मी धरलंय की,” म्हणत आत आणून निजवलं. मी सवयीनं त्याला पाणी दिलं. अर्धा तांब्या. दिल्यावर जीभ चावली, म्हटलं आता हाही गल्लीभर सांगणार. पण तो सगळं प्याला, तांब्या हळूच पालथा घातला आणि पंच्यानं तोंड पुसून निघाला.

आबा उताणे पडल्या पडल्या ऐकत होते. तो जाताच म्हणाले, “हौसे, ह्यो गडी आपल्याकडचा हाय.”

“कशावरून आबा?”

“पानी कसं प्याला, ऐकलं न्हाईस? येक थेंब भाईर फेकला न्हाय. बोलणं जरा अक्कलकोटाकडचं हाय, पर पानी आपल्याकडचं!”

माझ्या जिभेवर आलं होतं, आबा, तो तेलंगी आहे. पण सकाळपासून इस्पितळातही त्यांचा एकच घोशा चालला होता, “जेऊरची गाडी कवा हाय? मी वसरीवर पडून ऱ्हातो, मला हितं ठिवू नगा.” गल्ली कुणाची ते कळलं असतं तर पट्टीसकट उठून चालायला लागले असते. मी तोंड मिटून घेतलं.

मालक दिवसभर गिरणीत. आबांना उठवायला, न्हाणीत न्यायला पुरुषमाणूस हवं. राजय्या दुपारी मागावरून उठला की पाठ मोकळी करायला म्हणून यायचा आणि हे सगळं करायचा, मग भिंतीला टेकून बसायचा. आबांनी नाव विचारलं तेव्हा म्हणाला, “राजा म्हणत्यात जी.” आबांनी आपल्या मनानंच त्याचा राजाराम केला. गाव कुठलं विचारलं, तर म्हणाला, लांब आहे, तळं आटलं तेव्हा वडील चालत आले तिथून, मी इथलाच. आबांनी मान डोलवायला घेतली, मी चुलीपुढून ओरडले, “मान हलवू नका!” मान तशीच ठेवून आबा म्हणाले, “दुष्काळात चालत आल्याला मानूस. मंग आपलाच की.”

काय बोलायचे दोघं! विहिरीला पाणी कुठल्या थराला लागतं. उन्हाळ्यात जनावरं पाण्याच्या वासावर कशी तोंड वर करतात. राजय्याची आई म्हणे हंड्याच्या तळाशी उरलेलं पाणी फडक्यानं टिपून झाडाच्या बुडाशी पिळायची.  त्यावर आबा म्हणाले, “माझीबी तसंच करायची.” मी भाकरी थापत ऐकायची आणि मला आपलं अंगण दिसायचं, आई दिसायची, आणि एका तेलंग्याच्या तोंडून माझं जेऊर माझ्या घरात येतंय याचं नवल वाटायचं. आबांनी गाडीचं विचारणं सोडलं होतं.

पण आबांची जीभ कुठं पट्टी बांधून ठेवली होती? एकदा राजय्यालाच म्हणाले, “राजाराम, ह्या तेलंग्यांच्या खडखडाटात तू ऱ्हातोस तरी कसा रं?” म्हणजे गल्ली कुणाची ते त्यांनी आवाजावरून कधीच ओळखलं होतं आणि गाडी मात्र मागितली नव्हती! माझे हात पिठात तसेच राहिले. हसावं की भुईत गडप व्हावं, कळेना.

राजय्या शांतपणे म्हणाला, “सवय झाली की.”

“शिंदी पिऊन दंगा करत असतील.”

“करत्यात की काही काही.”

त्याला दारापर्यंत पोचवायला गेले तर तो हळूच म्हणाला, “अक्का, सांगू नका हां मी कोण ते. तुमच्या कुणबी लोकांचा राग लई वाईट. आमच्यात समदे सांगत्यात, आधी काठी, मग बोलणं. ते उठतील आणि डोळा जाईल की.” मला त्याचाच राग आला. माझे आबा! ज्यांनी बैलावरसुद्धा कधी काठी उगारली नाही! यानं माझ्या आबांना काय ओळखलं? रागारागानं आत आले, आणि आबा विचारतात, “राजाराम गेला व्हय? चांगला गडी.” काय बोलणार मी कुणाला!

आणि खरं सांगायचं तर रविवारी राजय्या यायचा नाही. रविवारी तो शिंदी प्यायचा. आबा म्हणाले होते त्यातलं तेवढं बरोबर होतं. पिऊन दंगा नाही करायचा, दारात बसून तेलुगूत काहीतरी गुणगुणायचा आणि मधेच एकटाच हसायचा. आबा आतून म्हणायचे, “आज राजाराम सिद्धेश्वराला गेला आसंल.” मी म्हणायची, हो आबा.

पट्टी सुटली. डॉक्टरांनी जाड भिंगाचा चष्मा दिला. आबांनी आधी माझं तोंड धरून जवळून बघितलं. “वाळलीस गं,” म्हणाले, आणि त्यांच्या त्या एका डोळ्यातून घळाघळा पाणी आलं. मी रागावले, डॉक्टरांनी रडायला मनाई केली होती. मग काठी शोधून उठले. “चल, मला राजारामला बघायचा हाय.”

“आबा, तो येईल दुपारी. आबा, ऐका तरी, तो...”

“त्यानं मला येवढं उचलला, मी त्याच्या घरी चार पावलं जाऊ नगं?”

गेलो. दार उघडंच होतं. राजय्या खड्ड्यात पाय सोडून मागावर बसलेला, उघडा, गळ्यात जानवं, धोटा इकडून तिकडे पळतोय. नरसम्मा त्याला तेलुगूत काहीतरी रागावून सांगत होती आणि तोही तेलुगूत उत्तर देत होता. त्याचा तोच आवाज. कोपऱ्यात शिंदीचं मडकं. आबा उंबऱ्यात थांबले. माग थांबला. आबांनी सूत बघितलं, मडकं बघितलं, त्याला बघितलं, आणि त्यांची मान ताठ झाली. आबांची मान अशी ताठ झाली की ते उठून घरातून चालते होतात, हे मी लहानपणापासून बघत आलेली. राजय्याही वर बघत होता, पण आबांच्या तोंडाकडे नव्हे, त्यांच्या हातातल्या काठीकडे.

 शेवटी नरसम्मा आत गेली आणि पाणी घेऊन आली. काठोकाठ भरलेला तांब्या, दोन्ही हातांनी धरलेला, तरी सांडत होता. आबांची नजर त्या सांडणाऱ्या पाण्यावर गेली आणि मला वाटलं, संपलं आता. तेवढ्यात राजय्या खड्ड्यातून वर आला. त्यानं बायकोच्या हातातून तांब्या घेतला, रांजणाकडे गेला आणि अर्धं पाणी परत रांजणात ओतलं. आणि तो अर्धा तांब्या आबांच्या पुढं धरला.

आबांनी तांब्यात बघितलं. माझ्या छातीत एवढं धडधडत होतं की मागाची खटाखट पुन्हा सुरू झाली असं वाटलं. मग त्यांनी काठी भिंतीला लावली, तांब्या घेतला, वरून धार धरून सगळा प्याले आणि खाली पालथा घातला. खड्ड्याच्या कडेला बसले. चष्मा काढून मांडीवर ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

“हां. बोल आता.”

राजय्या घाबरला. “डोळं का मिटलं जी? दुखतंय काय?”

“दुखत न्हाय,” आबा म्हणाले. “उघडं ठिवलं की मला तेलंगी दिसतूया. तू दिसत न्हाईस.”

 राजय्या आबांच्या शेजारी येऊन बसला, पण बसताना त्यानं भिंतीला लावलेली काठी हळूच उचलून पलीकडे सरकवून ठेवली. मी पाहिलं. दोघंही तसलेच!

जेऊरला परत जाईपर्यंत आबा रोज त्याच्याकडे जायचे, चष्मा काढायचे आणि डोळे मिटून तासन्‌तास गप्पा मारायचे. डॉक्टरांनी एवढ्या मेहनतीनं उघडलेला डोळा! मालक हसायचे. मी नाही हसायची. डोळे उघडे ठेवून आपल्याला जमत नाही, हे कबूल करणारं दुसरं माणूस मी अजून बघितलेलं नाही. आणि मला ते मिटूनही जमलं असतं की नाही, शंकाच आहे.

जेऊरला गेल्यावर त्यांनी काय केलं ते दादानं सांगितलं. चावडीपुढं बसून आबा सगळ्यांना सांगत सुटले, “तेलंगी लोक? लई चांगले! पानी सांडत न्हाईत.” झालं, सगळे तेलंगी पुन्हा एका तांब्यात! इथं नरसम्मा एकटी रोज अर्धं तळं गल्लीत ओततेय. मी हसून हसून बेजार झाले, आणि मग आबांची इतकी आठवण आली की चुलीतलं लाकूड विझलं तरी कळलं नाही.

आबा जाऊन आता काही वर्षं झाली. परवा जेऊरला येऊन गेले, तुम्ही सगळ्यांनी बघितलंच मला. स्टेशनावर उतरल्यापासून वाटत होतं, कधी एकदा ओसरीवर बसते आणि आपल्या विहिरीचं पाणी पिते. भावजयीनं हसत हसत पाणी आणून दिलं. “घ्या वन्सं. तुमी सोलापूरची मानसं, तुमाला नळाची सवय.” तांब्या काठोकाठ भरलेला होता.

तिची काही चूक नाही. तिनं मानानंच दिलं. सोलापूरची बाई म्हणजे पाणी फेकणारी, असं तिला कुणी सांगितलं असेल. मी तरी काय काय ऐकून इथं आले होते? पण तो भरलेला तांब्या माझ्या हातात असा जड झाला की पुसू नका. माझ्या बापाच्या ओसरीवर मी पाहुणी! फेकायचं तर शक्यच नव्हतं. सगळा प्याले, पोट तट्ट फुगलं, आणि गाडीत बसेपर्यंत नीट बोलताही येईना. तुम्हाला वाटलं असेल, हौसाला शहराचा वारा लागला, बोलत नाही.

सोलापूरला पोचले तर दाराला कुलूप, मालक पाळीवर. भर दुपार. नरसम्माच्या पायरीवर बसले. राजय्याचे केस आता कापसाशिवायही पांढरेच आहेत, आणि नरसम्मा अजून तशीच, दारात घागरी ओतणारी. शेजारची कुणी आली, भाजीवाला आला, तिच्या दारी सगळ्यांना पाणी काठोकाठ. सूत भिजवायचं टाकून ती आत गेली आणि माझ्यासाठी तांब्या घेऊन आली.

अर्धा.

मी तांब्यात बघत राहिले. “बघतेस काय?” ती म्हणाली. “तुला तेवढंच लागतं की.”

सगळा प्याले मी. आणि या खेपेला रडायला केमपर्यंत थांबावं लागलं नाही.

जेऊरकरांनो, मी काही रागावून लिहीत नाही. विहीर तीच आहे, पाणी तसंच गोड आहे, आणि हुरड्याच्या दिवसांत इथं माझा जीव अजून घरात ठरत नाही. पुन्हा येईनच मी. आले की मला पाट देऊ नका, खुशाली विचारली नाही तरी चालेल. फक्त तांब्या अर्धा द्या. तहान राहिली तर मी पुन्हा मागेन.